कसंतरीच होतंय

आमच्या घरात दिवसातून दहा वेळा बोलली जाणारी आणि एकदाही ऐकली न जाणारी अशी काही वाक्ये आहेत. 'कंबर गेली मेली', 'जीव नकोसा झालाय', 'कसंतरीच होतंय' ही त्यांतली मुख्य. कादंबरीकार म्हणून मला या वाक्यांचा कधी फारसा उपयोग वाटला नाही. पात्राला काय होते आहे ते त्याने नेमके सांगावे. त्याला ते जमत नसेल तर लेखकाने सांगावे, असे माझे मत. हस्तलिखितावरून शेवटचा हात फिरवताना एखादी म्हातारी 'कसंतरीच होतंय' म्हणताना सापडली, की मी ते वाक्य खोडून टाकी. आता खोडत नाही. त्यामागची हकीकत थोडी लांब आहे आणि ती सांगताना मला स्वतःला फारसे बरे वाटणार नाही.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत हृदयविकाराचा एक झटका आहे. गावचा सावकार दिवेलागणीला ओसरीवर बसून मुलाशी भांडतो. भांडता भांडता त्याचा हात छातीच्या डाव्या बाजूला जातो, तोंडून शब्द फुटत नाही, हातातला पितळी तांब्या पायऱ्यांवरून घरंगळत खाली जातो आणि सावकार कोसळतो. तांब्याच्या आवाजावर प्रकरण संपते. या प्रकरणाबद्दल दोघातिघा वाचकांनी मला पत्रे पाठवली होती आणि ती मी अजून जपून ठेवली आहेत. पण हा प्रसंग मी आणला कुठून? दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांतून आणि सिनेमांतून. मरणारा माणूस अंगाने जाड असावा, तापट असावा, पैसेवाला असावा आणि मुख्य म्हणजे पुरुष असावा, हे मी कुणाला न विचारताच धरून चाललो होतो. वर्तमानपत्रे तरी दुसरे काय शिकवतात? 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' एवढीच त्यांची माहिती. झटका म्हटला की तो विजेसारखाच यायचा. वीज काय आधी निरोप पाठवते?

आता अक्काविषयी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि अक्का सोळा. मला तिनेच वाढवले. मध्ये तिचे लग्न झाले आणि तीन वर्षांनी ती परत आली ती कायमचीच. का आली, ते सांगण्याची ही जागा नव्हे. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही; हल्ली त्याला दहावी म्हणतात. चित्रकलेची परीक्षा देऊन वाईतल्या एका शाळेत लागलो, तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेली घोंगडी अक्का अजून पांघरते. अंगाने ती काडी. तूप तिला सोसत नाही, गोडाची आवड नाही, कुणाशी चढ्या आवाजात भांडल्याचे मला आठवत नाही. माझ्या सावकाराशी तिचे एकही लक्षण जुळत नव्हते.

व्यसन म्हणावे असे एकच. आईमागे घरच्या किल्ल्यांबरोबर तिच्याकडे आईची मिश्रीची डबीही आली. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची. धूर नाही, वास फारसा नाही, कुणाला त्रास नाही. त्यामुळे तिला आम्ही तंबाखू म्हणतच नव्हतो. दात घासणे म्हणत होतो.

२०२३ सालच्या एप्रिलातली गोष्ट. कुरडयांचे दिवस होते. ज्या घरांत अजून हे होते त्यांना सांगायला नको. पण आता पुष्कळ घरांत होत नाही, म्हणून सांगतो. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, मग वाटून त्याचा चीक काढायचा. पहाटे मोठ्या पातेल्यात तो शिजवायचा. शिजताना तो गोळीला येऊ नये म्हणून लाकडी दांड्याने सारखा घाटावा लागतो, आणि घट्ट होत आला की तो दांडा हलवणे हे दोन माणसांचे काम असते. अक्का ते एकटीच करी. मग गरम चीक सोऱ्यात भरून, उन्हे तापण्याच्या आत गच्चीवर धोतरावर कुरडया घालायच्या.

त्याआधी महिनाभर तिने एक नवीन सवय लावून घेतली होती. गच्चीच्या जिन्यात मधल्या पायरीवर ती बसे. दोन मिनिटे बसे आणि उठून वर जाई. "पायऱ्या वाढल्यात रे हल्ली," असे ती हसून म्हणे आणि आम्हीही हसत असू. जेवणानंतर वाळवण आणायला गेली, की हमखास बसे. सकाळी रिकाम्या पोटी तितकी नाही. पुढे मला वाचायला मिळाले, की लंडनमध्ये विल्यम हेबर्डन नावाच्या वैद्याने १७६८ साली आपल्या व्यवसायबंधूंपुढे एक निबंध वाचला होता. काही माणसांना चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखे होते, आणि ती थांबली की ते नाहीसे होते, अशी त्यात नोंद होती. म्हणजे आमच्या जिन्यातली मधली पायरी अडीचशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली होती. ज्या वाईत मराठी विश्वकोशासारखे काम झाले, त्या वाईत राहून मी त्या पायरीवर विनोद करीत होतो.

त्या दिवशी साडेपाचला तिने पातेले चुलीवर चढवले. साडेसहाच्या सुमारास मी चहा घेत होतो, तेव्हा ती दांडा ठेवून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "कसंतरीच होतंय."

"काय होतंय?"

"काही नाही रे. कसंतरीच."

कपाळावर घाम होता. पण चुलीपुढे घाम येणारच. खांदा आणि दंड भरून आला आहे म्हणाली. दांडा घाटून तो भरणारच. मळमळते म्हणाली, रिकाम्या पोटी गरम चीक चाखून पाहिला, मग दुसरे काय होणार? थोड्या वेळाने जबड्याकडे हात नेला. तिची खालची दाढ गेले वर्षभर किडलेलीच होती. हा सगळा हिशेब मी नंतर पुन्हा पुन्हा मांडून पाहिला आहे. शरीर चार बाजूंनी चार निरोप पाठवत होते आणि प्रत्येक निरोपाला आमच्या घरात एक कारण आधीपासून तयार होते. सगळी कारणे खरी होती, हीच त्यातली अडचण. एकही खोटे असते तर मी कदाचित थबकलो असतो.

पत्नीने ओव्याचा अर्क दिला, दाढेत लवंग धरायला दिली, दंडाला बाम चोळला. मी विचारले, "छातीत दुखतंय का?" या एका प्रश्नाबद्दल त्या दिवसात मला स्वतःची शाबासकी वाटली होती, एवढे तरी मी विचारले होते! अक्का म्हणाली, "नाही." मग सकाळची शाळा होती म्हणून मी सायकल काढली आणि गेलो.

नऊच्या सुमारास पत्नी तिला म्हणाली, "वन्सं, डॉक्टरांना बोलावू का?" अक्का म्हणाली, "एवढा चीक वाया जाईल." आणि तिने बसून बसून उरलेल्या कुरडया घातल्या.

पावणेबाराला मी परतलो, तेव्हा ती माजघरातल्या गार फरशीवर पदर डोक्याखाली घेऊन निजली होती. चेहरा राखेसारखा. हात धरला तर ओला आणि थंड. मला पाहून तिने तेच दोन शब्द पुन्हा म्हटले, पण या खेपेला ते ओठांवरच राहिले. तेव्हा मात्र मी धावलो.

गल्लीतले डॉक्टर यंत्र घेऊन आले. त्यांनी आलेख काढला, पट्टी दोन बोटांत धरून खिडकीकडे नेली आणि काही न बोलता तिला ॲस्पिरिनची गोळी चावून खायला दिली. "हिला एक पाऊलही चालू देऊ नका," म्हणाले. १०८ ला त्यांनीच फोन केला. वाई ते सातारा अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. पाचवडला महामार्ग लागेपर्यंत मला वाटत होते, की गाडी उभीच आहे. साताऱ्याच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "कधीपासून?" मी म्हणालो, "सकाळी साडेसहा." त्यांनी ते लिहिले आणि खाली रेघ मारली. मी शिक्षक आहे. खाली रेघ कशासाठी मारतात ते मला कळते.

"काय काय होत होतं?"

"तसं काही विशेष नाही," मी म्हणालो. "कसंतरीच होतंय म्हणत होती."

त्यांनी मान वर केली. "असं म्हणाल्या? मग विशेष नाही कसं? आमच्याकडे कितीतरी बायका हेच सांगत येतात." पुढे ते जे बोलले ते धावपळीतले होते, पण मला ते शब्दशः आठवते. छातीत दुखणे हे बायकांनाही नेहमीचेच लक्षण. पण धाप लागणे, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, कारणाशिवाय गळून जाणे, ही त्यांच्यात अधिक आढळतात आणि नेमकी तीच घरात मोजली जात नाहीत. "मधुमेह आहे का?" त्यांनी विचारले. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शाळेत तपासणी झाली होती, तेव्हा साखर जास्त निघाली होती. अक्काने पंधरा दिवस बिनसाखरेचा चहा घेतला आणि मग तो विषय मिटला. "मधुमेहात कधी कधी वेदना बोथट होतात," ते म्हणाले, "माणसाला झटका येऊन जातो आणि कळतही नाही." रक्तदाबाच्या गोळ्याही होत्या. त्या ती डोके जड झाले की घेई. डोके हलके असले की पैसे वाचवी.

मनगटातून तार घालून त्यांनी बंद झालेली वाहिनी फुग्याने उघडली आणि तिथे जाळी बसवली. नंतर मला पडद्यावर चित्र दाखवले. ते पाहताना मी चित्रकलेचा शिक्षक आहे याची मला लाज वाटली. कारण असे की, आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई दर वर्षी मला बोलावतात आणि म्हणतात, "सर, एवढं हृदय काढून द्या." यावर शिक्षकांच्या खोलीत दर वर्षी तोच विनोद होतो. मी फळ्यावर निळ्या-तांबड्या खडूने हृदय काढतो: चार कप्पे, झडपा, वरची कमान. शेवटी बाहेरून थोड्या नागमोडी रेघा काढतो. आकृती उघडी दिसू नये म्हणून काढलेली नक्षी, असेच मी त्यांना समजत आलो. ती नक्षी म्हणजे हृदयाची स्वतःची शिदोरी होती! जे हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, त्याच्या स्नायूला कप्प्यांतून वाहणाऱ्या रक्ताचा काही उपयोग नाही. त्याला त्या बारीक वाहिन्यांतूनच मिळेल ते घ्यावे लागते. विहिरीच्या काठी राहून पाणी मात्र नळाचे, असा प्रकार. पडद्यावर त्या वाहिन्या पानगळीतल्या झाडासारख्या दिसत होत्या, आणि समोरच्या बाजूची एक मोठी फांदी मध्येच, कापल्यासारखी, संपली होती.

ही फांदी एका दिवसात संपत नाही. आतून वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एके दिवशी त्याला चीर पडते, चिरेवर रक्त गोठते आणि वाट बंद होते. पलीकडचा स्नायू अर्ध्या तासाच्या आसपास मरायला लागतो आणि तासागणिक मरत जातो. "बारा तासांच्या आत आलात हे चांगलं झालं," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या एकदोन तासांत आला असता तर..." ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मी त्या वेळी तिसऱ्या तासाला सहावीच्या मुलांना पेला आणि सावली शिकवत होतो.

तिसऱ्या दिवशी अक्का बोलायला लागली, तेव्हा मी तिला विचारले, "मी छातीत दुखतंय का म्हणून विचारलं, तेव्हा नाही का म्हणालीस?"

"दुखत नव्हतंच," ती म्हणाली. "पाटा ठेवल्यासारखं जड होत होतं नुसतं. तू दुखतंय का विचारलंस."

आयुष्यभर शब्दांचा धंदा केलेल्या माणसाला याहून चांगला टोला कुणी मारला नसेल. तिने माझ्या प्रश्नाचे अगदी खरे उत्तर दिले होते. प्रश्न चुकला होता.

त्यानंतर आठ दिवस मी वाई-सातारा एस.टी.ने ये-जा केली. पुस्तके वाचायला मन लागत नसे, म्हणून मोबाईलवर याच विषयाचे जे मिळेल ते वाची, आणि वाचून झाले की कंडक्टरकडे पाहत बसे. त्यालाही कारण होते. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या नोकरांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, तिकिटे फाडीत जिना वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. गाडी तीच, धूर तोच, गाव तेच. आमच्या एस.टी.ला वरचा मजला नाही, पण बाजाराच्या दिवशी पाचवडच्या गर्दीतून मागच्या बाकापर्यंत जाऊन परत येणारा कंडक्टर पाहिला, की लंडनचा जिना त्यापुढे काहीच नाही असे वाटे. आमची एस.टी. १ जून १९४८ ला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिल्यांदा धावली. त्याच वर्षी अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या लहानशा गावात डॉक्टरांनी ५,२०९ धडधाकट माणसे निवडून त्यांना दर दोन वर्षांनी तपासण्याचे काम सुरू केले. कोणाला पुढे हृदयविकार होतो आणि कोणाला नाही, हे नुसते पाहत राहायचे. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांचा त्यांत हात आहे, हे त्या पाहत राहण्यातून उमगले. तोपर्यंत पुष्कळजण त्याला वयाचा किंवा नशिबाचा भाग समजत. पुढे २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनावरचा ताण, भाजीफळे न खाणे, अंगाला हालचाल नसणे आणि दारूचे प्रमाण, एवढ्या नऊ गोष्टींत पहिल्या झटक्याचा सुमारे नऊ दशांश धोका सामावतो, असे तिच्यात निघाले. आणि आपल्या दक्षिण आशियातल्या माणसांना तो इतरांपेक्षा काही वर्षे आधी गाठतो, हेही.

हे वाचताना मी अक्काच्या बाबतीत एकेक खूण करीत होतो आणि अर्ध्यावर माझ्या ध्यानात आले, की मी स्वतःच्याच बाबतीत खुणा करीत आहे. रुग्णालयातल्या परिचारिकेने सहज म्हणून माझा रक्तदाब पाहिला. १५२ वर ९६. धावपळीमुळे असेल, असे मी लगेच म्हणालो. म्हणजे माझ्याकडेही कारण तयार होतेच! पंधरा दिवसांत तीन वेळा पुन्हा पाहिला, आकडे तेच. मी रात्री लिहायला बसलो की दोन-तीन सिगारेटी ओढत असे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई असल्याची जी पाटी आमच्या फाटकावर आहे, ती माझ्या हातची आहे. अक्षरे चांगली आली म्हणून मुख्याध्यापकांनी माझे कौतुकही केले होते. ती मी रात्री घरी रंगवली होती, आणि सिगारेट ओढतच रंगवली होती. सिगारेट सुटली आहे. ती सोडल्यापासून कादंबरी मात्र दहा पानांपुढे सरकलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

अक्काची मिश्री सुटायला चार महिने लागले. "मग दात घासू कशानं?" हा तिचा प्रश्न नुसता हट्टाचा नव्हता, बेचाळीस वर्षांच्या सवयीला जागा कुठून आणायची? डबी तिने टाकली नाही. तिच्यात आता सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या असतात. आईची डबी म्हणून त्या ती चुकवत नाही.

निरोगी हृदय दर ठोक्याला आपल्यातले निम्म्याहून थोडे अधिक रक्त बाहेर टाकते. अक्काचे त्या वेळी पस्तीस टक्के टाकत होते. आता चाळीस झाले आहे. गच्चीवर ती जात नाही. संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत आम्ही दोघे चालत जातो. पायऱ्या उतरायच्या नाहीत, वरच बसायचे. पाच तासांत जे गेले ते औषधाने परत येत नाही, हे तिला कुणी सांगितलेले नाही. मला वाटते, तिला ते ठाऊक आहे. घाटावर बसल्यावर मी गप्प झालो, की ती एखादी जुनीपुराणी आठवण काढून मला हसवते.

यंदा एप्रिलात पत्नीने कुरडया घातल्या. मीठ निम्मे, आणि अक्का खुर्चीवर बसून सूचना देत होती. दुपारी तीनच्या सुमारास ती म्हणाली, "कसंतरीच होतंय." पत्नीच्या हातातला सोऱ्या तिथेच राहिला. मी रिक्षा आणली. दहा मिनिटांत आम्ही डॉक्टरांकडे होतो. आलेख काढला, तो जुन्या आलेखाशेजारी ठेवून पाहिला, तासाभराने पुन्हा काढला, रक्त तपासले. काही नव्हते. सकाळी चीक जरा जास्त खाल्ला गेला होता, एवढेच. मी ओशाळून काही बोलू लागलो, तर डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं, तर पुन्हा या."

परतताना रिक्षात अक्का बराच वेळ रस्त्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "आता मी काही बोलूच नये का रे? उगाच पैसे गेले."

"बोल की," मी म्हणालो. "बोलत जा."

"सोऱ्यातला चीक वाळून गेला असेल," ती म्हणाली. आणि रिक्षावाल्याने येताना दहा रुपये जास्त घेतले होते, हे तिने घर येईपर्यंत तीन वेळा सांगितले.